गाडी यायच्या आधीची वीस मिनिटं

एकतीस वर्षं बेळगाव जिल्ह्यात बंबावर काढली. सुरुवातीची वर्षं पाइप धरण्यात गेली, मधली वॉच रूममध्ये फोनशेजारी आणि शेवटची वर्दीवर, म्हणजे आगीची खबर आल्यावर, निघालेल्या गाडीत ड्रायव्हरच्या शेजारी बसून. संपादकांनी मागच्या अंकात ‘आग, पूर, विहीर यांबद्दल विचारायचं असेल ते विचारा’ असं छापलं आणि पत्रांचा गठ्ठाच घरी आला. सगळ्यांना एका अंकात उत्तर देणं होणार नाही. पुराची चार पत्रं आहेत, ती मे महिन्यात घेईन, पाऊस लागायच्या आधी. आत्ता सुगी आटोपून गंज्या रचून झाल्यात, ऊस तोडणीला उभा आहे आणि ऊन चढायला लागलंय. म्हणून आगीची पत्रं आधी. विहिरीचं एक पत्र आहे, तेही थांबवता येणार नाही.

साहेब, फेब्रुवारीत आमची पिंजराची गंजी पेटली. शेजारच्या पोरानं लगेच फोन केला, पण बंब यायला पाऊण तास लागला. तोवर गंजी, तिला लागून असलेला गोठा, कुळव-नांगर सगळं खाक. गावातली माणसं फायरमनच्या अंगावर धावून गेली. ते मला बरं वाटलं नाही, पण राग माझ्याही मनात आहे. वेळेत येत नसेल तर बंब असून उपयोग काय? आमचं गाव हद्दीवर आहे. हाकेच्या अंतरावर महाराष्ट्र. तिकडचा बंब बोलावता येतो का?
*— शेतकरी, बाची परिसर*

भाऊ, हा राग मी कितीतरी गावांत अंगावर घेतलाय आणि एकदाही मला तो खोटा वाटला नाही. वर्षभराची वैरण डोळ्यांदेखत जळताना माणूस शांत कसा राहील? तरी वेळ कुठे जातो ते तुम्हाला सांगितलंच पाहिजे, कारण त्यातला थोडा वेळ तुमच्या हातात आहे.

बेल वाजली की मिनिटभरात गाडी गेटबाहेर पडते. याचा सराव रोज असतो आणि त्यात कसूर झाली तर कुणी खपवून घेत नाही. पुढे बेळगावातून तुमच्याकडे यायचं म्हणजे वेंगुर्ला रस्ता. हिंडलगा, सुळगा, उचगाव फाटा, तुरमुरी आणि मग बाची. साधारण बंबात साडेचार हजार लिटर पाणी असतं. म्हणजे साडेचार टन नुसतं पाणीच, आणि ते वळणावर हेलकावे खातं. मोटारसायकल जशी पळते तसा बंब पळवता येत नाही. सगळं सुरळीत झालं तरी वीस-पंचवीस मिनिटं जातातच. तुमचे पाऊण तास झाले, म्हणजे वरची वीस मिनिटं कुठेतरी सांडली. बहुतेक वेळा ती फोनवर सांडतात, नाहीतर गावाच्या वेशीवर.

फोनचं माझ्या हातून काय झालं ते सांगतो. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. मार्च महिना, दुपारची वेळ. फोनवर एक माणूस ओरडला, “सुळग्यात गंजी पेटली की ओ, लवकर या,” आणि फोन ठेवला. वर्दी मी घेतली होती. गाडी हिंडलग्याच्या सुळग्याला पाठवली आणि माणूस कमी होता म्हणून मी स्वतःही चढलो. तिथे पोचलो तर धूर नाही की गर्दी नाही. पारावरचे म्हातारे म्हणाले, “इथं कुठं आग? येळ्ळूरच्या सुळग्याला असंल.” तिथून परत फिरून पूर्ण शहर ओलांडून दक्षिणेला जायचं होतं. आम्ही पोचलो तेव्हा गोठ्याचे वासे खाली आले होते. दाव्याला बांधलेली एक पाडी आत होती. त्या घरची म्हातारी काही बोलली नाही, फक्त आमच्याकडे बघत राहिली. चूक माझी होती. “कुठलं सुळगं?” हे दोन शब्द मी विचारले नाहीत. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत एकही वर्दी मी तालुका आणि शेजारचं गाव विचारल्याशिवाय घेतली नाही.

आपल्या भागात ही अडचण जागोजागी आहे. सुळगा दोन आहेत. कंग्राळी बुद्रुक आणि कंग्राळी खुर्द आहेत. हलगा बेळगाव तालुक्यात एक आणि खानापूर तालुक्यात एक. होनगा आणि हलगा ही नावं घाईत, वाऱ्यात, रडत्या आवाजात सारखीच ऐकू येतात आणि ती गावं शहराच्या दोन विरुद्ध टोकांना आहेत. म्हणून फोनवर गाव, तालुका, कुठल्या रस्त्यावर आणि कुठल्या फाट्यावरून आत हे आधी सांगा. मग काय पेटलंय आणि आत माणूस किंवा जनावर अडकलंय का ते. समोरचा ‘ठेवा’ म्हणेपर्यंत फोन ठेवू नका. प्रश्न विचारतोय म्हणजे तो वेळ काढतोय असं समजू नका. तो बोलत असतानाच गाडी सुटलेली असते.

फोन १०१ ला किंवा ११२ ला करा. हद्दीवरच्या गावांनी एक गोष्ट ध्यानात ठेवायची. मोबाईलनं पलीकडचा टॉवर पकडला असेल तर ११२ चा फोन महाराष्ट्राच्या नियंत्रण कक्षात जाऊ शकतो. तसं झालं तर गोंधळू नका. पहिलं वाक्यच ‘कर्नाटक, बेळगाव जिल्हा’ असं बोला. त्याहून चांगलं म्हणजे आपल्या तालुक्याच्या अग्निशमन केंद्राचा थेट नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, दूध डेअरीत आणि पिठाच्या गिरणीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्या.

आता वेस. फाट्यावर एक माणूस उभा करा, रात्री असेल तर बॅटरी देऊन. गावात शिरणाऱ्या वाटेवरची ट्रॉली, वाळत टाकलेलं धान्य, आडवी बैलगाडी हे दोन पोरांना पुढे पाठवून बाजूला करून घ्या. लग्नाचा मांडव रस्त्यावर घातलेला असेल तर दुसरी वाट कोणती ते त्या फाट्यावरच्या माणसानं सांगावं.

पाण्याचं मात्र नीट समजून घ्या, कारण यावरून गावोगावी भांडणं होतात. गंजीवर एक पाइप चालवला तरी बंबातलं पाणी साधारण दहा मिनिटांत संपतं. मग लोक विहिरीकडे बोट दाखवतात, “एवढं पाणी आहे, ओढा की!” बंबाचा पंप वर उभा राहून खालचं पाणी फार तर सात मीटरांपर्यंत ओढू शकतो, म्हणजे तेवीस फूट. हवेचा दाबच पाणी वर ढकलत असतो, त्यामुळे कितीही ताकदीचा पंप आणला तरी ही मर्यादा सुटत नाही. आपल्याकडे मार्चमध्ये विहिरीचं पाणी चाळीस फुटांवर गेलेलं असतं. तिथे उपयोगी पडते ती तुमची विहिरीतली मोटर. ती चालू करून तिचा पाइप बंबाच्या टाकीत सोडला की काम होतं. यासाठी लाइट हवी. म्हणून सगळ्या गावाची लाइन बंद करायला लावण्याआधी विहिरीची लाइन कुठली ते बघा. तळं किंवा नाला जवळ असेल, काठापर्यंत गाडी जात असेल, तर तिथून आम्ही स्वतः पाणी घेतो.

गाडी यायच्या आधी काय करायचं? आधी जनावरं सोडा. दावं सोडायला वेळ नसेल तर कापा, आणि गुरं लांब नेऊन बांधा. भेदरलेलं जनावर आपल्याच गोठ्यात परत शिरतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. मग घागरीनं, मोटरीनं जे पाणी मिळेल ते पेटलेल्या गंजीवर न टाकता शेजारच्या न पेटलेल्या गंजीवर आणि गोठ्याच्या छपरावर टाका. ओली गोणपाटं अंथरा. पेटलेली गंजी बहुतेक गेलेलीच असते. वरून विझलेली दिसली तरी आत दोन-दोन दिवस धुमसते, ती उपसून, फोडून, थर थर भिजवावी लागते. आम्ही निघून गेल्यावर रात्री पुन्हा पेटली म्हणून शिव्या मिळतात, त्या बहुतेक न उपसलेल्या गंजीच्या असतात. आणखी एक. अवकाळी पावसात भिजलेलं गवत तसंच दाबून रचू नका. ओल्या गंजीत आतल्या आत उष्णता धरते, कधी कधी कुणी काडी न लावता ती पेटते, आणि मग विनाकारण भावकीवर संशय जातो.

पलीकडच्या बंबाचं विचारलंत. आपल्याकडे अग्निशमन हे राज्य सरकारचं खातं आहे. शहरापासून तालुक्याच्या केंद्रापर्यंत सगळे एकाच खात्याचे. महाराष्ट्रात बंब महापालिकेचे, नगरपालिकांचे, एमआयडीसीचे असतात. मोठ्या आगीत दोन्हीकडचे एकमेकांना बोलावतात, पण ते अधिकाऱ्यांनी ठरवायचं. तुम्ही वर्दी देतानाच ‘शेजारची तीन घरं धोक्यात आहेत’ असं स्पष्ट सांगितलंत तर जास्तीची गाडी कुठून मागवायची याचा विचार तिथेच सुरू होतो. जवळच्या साखर कारखान्याचा बंब असेल तर तोही विचारून ठेवा.

काका, मी खानापूर तालुक्यातल्या जंगलाकडच्या गावात राहते. मुलं पुण्याला, घरात आम्ही दोघंच. मला कन्नड येत नाही. फोन केला आणि पलीकडचा कन्नडमध्ये बोलला तर काय करू, याची भीती वाटते.
*— आजी, कणकुंबी भाग*

अक्का, फोन करा. बेधडक मराठीत बोला. बेळगाव, खानापूर, निपाणी या भागातल्या केंद्रांवर दोन्ही भाषा समजणारी माणसं असतात. मी कामाला लागलो तेव्हा मलाही कन्नड धड येत नव्हतं. गोकाककडच्या एका सहकाऱ्यानं रात्रपाळीत मला ते शिकवलं आणि मी त्याला मराठी. पाइपच्या एका टोकाला तो आणि दुसऱ्या टोकाला मी, अशी आमची आठ वर्षं गेली.

तरी फोन दूर बेंगळुरूला लागला तर उपयोगी पडतील अशी चार वाक्यं लिहून फोनजवळ चिकटवा. आपल्याकडच्या बोलीतलीच देतो. ‘मनीगे बेंकी हत्तैती’ म्हणजे घराला आग लागलीय. ‘कब्बिगे बेंकी हत्तैती’ म्हणजे उसाला आग लागलीय. ‘बाव्याग बिद्दार’ म्हणजे विहिरीत पडलेत. आणि ‘लगू बर्री’, लवकर या. यातला ‘लगू’ तर आपलाच वाटतो. त्यापुढे गाव आणि ‘खानापूर तालुका’ एवढं बोललात की पुरे.

तुमच्या भागात मोबाईलला रेंज कुठे मिळते आणि कुठे जाते हे तुम्हालाच ठाऊक. रेंज मिळते त्या वळणाजवळ कुणाचं घर आहे? त्या घरच्या माणसाला आजच सांगून ठेवा की आमचा निरोप आला तर तू फोन करायचा.

आमच्या उसावरून विजेच्या तारा गेल्यात. तारा लोंबतात, वारा सुटला की एकमेकींवर आपटतात आणि ठिणग्या पडतात. गेल्या वर्षी दीड एकर ऊस जळाला. अर्ज दिले, पण वीज कंपनीचा माणूस म्हणतो, तार आमची नाही पेटली, तुम्हीच पाचट जाळलं असेल. कारखान्यानं जळका ऊस म्हणून वजनात कपात केली. आग लागल्यावर आम्ही काय करायला हवं होतं?
*— ऊस उत्पादक, हुक्केरी तालुका*

तुमचं नुकसान दोनदा झालं, शेतात एकदा आणि कागदावर एकदा. कागदाचं आधी सांगतो, कारण त्याबद्दल शेतकऱ्याला कुणी सांगत नाही.

आग लहान असो, गावानंच विझवलेली असो, तरी वर्दी द्या. बंब येऊन गेला की त्याची नोंद होते आणि अर्ज केल्यावर फायर रिपोर्ट मिळतो. त्यात वेळ, ठिकाण, काय जळालं, काय वाचलं आणि आगीचं संभाव्य कारण असतं. अधिकारी शेतात असतानाच त्याला तार दाखवा. तारेवर आपटल्याच्या काळ्या खुणा असतात, खाली वितळलेल्या ॲल्युमिनियमचे बारीक गोळे पडलेले असतात. त्यांना हात लावू नका. जिथे आहेत तिथेच मोबाईलवर फोटो काढा, तारखेसह, आणि मागे खांबाचा नंबर दिसेल असे. पोलिसांत तक्रार, तलाठ्याचा पंचनामा आणि १९१२ वर केलेल्या विजेच्या तक्रारीचा नंबर, एवढं त्याच दिवशी हातात हवं. माणूस किंवा जनावर दगावलं किंवा जखमी झालं असेल तर वीज कायदा २००३ च्या कलम १६१ खाली विद्युत निरीक्षकाकडे चौकशीची मागणी करा. नुसता ऊस जळाला असेल तरी त्याच्याकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. आग लागायच्या आधी दिलेल्या अर्जाची पोच सर्वांत जास्त बोलते. लोंबत्या तारा एकमेकींवर आपटू नयेत म्हणून त्यांच्या मध्ये स्पेसर, म्हणजे अंतर राखणारे आडवे तुकडे, बसवून मिळावेत अशी मागणी तोडणीच्या तीन महिने आधी लेखी द्या.

कारखान्याच्या गट ऑफिसलाही तासाभरात कळवा. जळलेल्या उसात साखर उतरत जाते आणि वजन घटत जातं. प्रत्येक दिवसाला तुमचंच नुकसान आहे. तोडणीची टोळी कुठे अडकलीय हे चिटबॉयला, म्हणजे कारखान्याच्या शेतावरच्या माणसाला, त्याच रात्री विचारा, सकाळची वाट बघू नका.

आता आग. पेटलेल्या उसात माणूस घालू नका. पाचट वाळलेलं असतं, वारा फिरला की आगीची भिंत माणसापेक्षा वेगानं येते आणि सरीत पळता येत नाही. एका गावात ‘एवढा कोपरा वाचवतो’ म्हणून आत गेलेल्या काकांना आम्ही उचलून आणलं होतं. ते वाचले, पण हात कायमचे गेले. आगीच्या पुढे, वाऱ्याच्या दिशेला, चांगलं अंतर सोडून चार-पाच सऱ्यांचा ऊस आडवा तोडून बाहेर ओढा आणि पाचट खरवडून काढा. मग बांधावर ओल्या डहाळ्या घेऊन उभे राहा. करंज, निरगुडी, जे हाताला येईल ते. उडून आलेली ठिणगी झोडपून मारायची. समोरून उलटी आग लावायचा उद्योग करू नका, तो शिकलेल्या माणसाच्याही हातून बिघडतो. तार तुटून पडली असेल तर लाइन बंद झाल्याची खात्री होईपर्यंत त्या रानात पाणीसुद्धा मारायचं नाही.

आमच्या घरात खाली चार यंत्रमाग आणि वर आम्ही राहतो. बोळ इतका अरुंद की रिक्षासुद्धा शिरत नाही. परवा रात्री गॅसचा वास आला. सासऱ्यांनी आधी पंखा लावला, वास जावा म्हणून. ते बरोबर केलं का?
*— गृहिणी, वडगाव*

ताई, पंखा लावायला नको होता. बटण लावताना आणि बंद करतानाही आत ठिणगी पडते. बत्ती चालू असेल तर चालूच राहू द्या, बंद असेल तर बंद. रेग्युलेटर फिरवून बंद करा, दारं-खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि बाहेर गेल्यावर १९०६ ला फोन करा. हा नंबर गॅस गळतीसाठीच आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली साचतो. तुमचं स्वयंपाकघर वर असेल तर तो जिन्यानं उतरून मागापर्यंत येईल. म्हणून जिन्याखालचं दारही उघडायचं आणि तोवर मागाचा मेन स्विच कुणी खाली-वर करायचा नाही.

मागांचा सुताचा केर रोज काढता का? मोटरीवर, पट्ट्यावर, वायरीवर जो पांढरा थर बसतो तो काडीसारखा पेटतो आणि एका मागावरून दुसऱ्यावर डोळ्यांदेखत पळतो. सूत जिन्याखाली रचत असाल तर आजच हलवा. वर राहणाऱ्यांना तो जिना ही एकच वाट आहे. बोळातून बंब येणार नाही, तो चौकात थांबेल आणि आम्ही पाइपला पाइप जोडत आत येऊ. ते जमतं. अडतं ते बोळात दोन्ही बाजूंना लावलेल्या दुचाक्यांमुळे. अंगाला भाजलं तर नळाखाली वाहतं पाणी वीस मिनिटं. टूथपेस्ट, शाई, तूप काही लावायचं नाही. आणि १०८ ला फोन.

विहिरीतला गाळ काढायला उतरलेला माणूस बेशुद्ध पडला तर त्याला लगेच वर कसं काढायचं? आमच्या गावात कंदील सोडून बघतात, तो विझला नाही तर उतरतात.
*— ग्रामपंचायत सदस्य, बैलहोंगल तालुका*

तुमच्या पत्रातला ‘लगेच’ हा शब्द वाचून मी थांबलो.

भर उन्हाळ्यात आम्ही एका विहिरीवर गेलो होतो. पाणी कमी झालं म्हणून धाकट्या भावानं डिझेल इंजिन विहिरीत खाली उतरवून, आतल्या कट्ट्यावर ठेवून चालू केलं होतं. वर आला, जेवला, इंजिन बंद करायला पुन्हा उतरला आणि तिथेच बसला. थोरल्यानं वरून पाहिलं, हाक मारली आणि तसाच उतरला. त्याच्यामागे शेजारचा पोरगा. आमचा माणूस पाठीवर हवेचं सिलिंडर लावून खाली गेला तेव्हा तिघं एकमेकांना धरून होते. शेजारचा पोरगा वाचला. दोघं भाऊ गेले. त्यांच्या आईनं मला विचारलं, “पहिल्याला बघून दुसरा का उतरला?” काय सांगणार होतो? भाऊ होता म्हणून उतरला.

इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा घेतो आणि माणसाला गुदमरतोय हे कळायच्या आधी पायातली ताकद जाते. गाळातून, संडासाच्या टाकीतून, गोबरगॅसच्या खड्ड्यातून वेगळे वायू निघतात, तेही तितकेच वाईट. कंदील विझला तर आत प्राणवायू कमी आहे एवढं कळतं. पण तो जळत राहिला म्हणजे हवा चांगली आहे असं मुळीच नाही. कार्बन मोनॉक्साइड असतानाही कंदील छान जळत राहतो. तुमच्या गावात या कंदिलावर भरवसा ठेवून माणसं उतरत असतील तर कृपा करून हे पत्र ग्रामसभेत वाचून दाखवा.

माणूस बेशुद्ध पडला तर दुसऱ्यानं उतरायचं नाही, तो सख्खा असला तरी. काठावर उभ्या असलेल्यांतला एक मजबूत माणूस याच कामाला लावा, नातेवाइकांना कमरेत मिठी मारून धरायच्या. फोन करताना ‘विहिरीत बेशुद्ध’ हे शब्द सांगा, म्हणजे गाडीत हवेचे संच चढवले जातात. तोवर वरून हवा सोडा. पंक्चर काढणाऱ्याचा कॉम्प्रेसर मिळाला तर त्याचा पाइप थेट त्या माणसाच्या तोंडाजवळ जाईल असा सोडा. इंजिन चालू असेल आणि डिझेलची नळी वरून हाताला येत असेल तर तोडा. दोरीला मोठा फास करून सोडा, कदाचित तो शुद्धीवर येऊन हात घालेल. आणि पुढच्या वेळी माणूस गाळात उतरवताना त्याच्या कमरेला आणि काखेतून दोरी बांधूनच उतरवा, टोक वर दोन माणसांच्या हातात. ती दोरी असती तर त्या दिवशी थोरला उतरलाच नसता.

विहिरीवरून बोअर आठवते. २०१७ च्या एप्रिलमध्ये अथणी तालुक्यात झुंजरवाडला सहा वर्षांची मुलगी उघड्या बोअरमध्ये पडली आणि वाचू शकली नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच सांगून ठेवलंय. बोअर मारायच्या पंधरा दिवस आधी लेखी कळवायचं, भोवती कुंपण करायचं, तोंडाशी अर्धा मीटर लांब, अर्धा मीटर रुंद सिमेंटचा कट्टा करून तोंड पोलादी झाकणानं बंद करायचं. पाणी न लागलेली बोअर तळापासून वरपर्यंत भरून टाकायची. तुम्ही पंचायतीत आहात. तुमच्या हद्दीत तोंडावर नुसता दगड किंवा गोणपाट ठेवलेल्या किती बोअर आहेत, हे मोजायला एक सकाळ पुरेल.

आमच्या शाळेत १४ एप्रिलला डॉ. आंबेडकर जयंती असते. त्याच दिवसापासून अग्निशमन सप्ताह असतो असं कळलं. तो याच तारखेला का? मुलांना काय दाखवता येईल?
*— शिक्षक, येळ्ळूर*

गुरुजी, १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाच्या जहाजाला आग लागली. पोटात स्फोटकं होती आणि कापसाच्या गाठीही. धूर गाठींतून येत होता. वरून पाणी ओतत राहिले, पण आग खोल आत धुमसत होती, तिथवर पाणी पोचेना. आत काय भरलंय याची खबर गोदीत नीट पोचली नव्हती. दुपारी चारनंतर पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासानं दुसरा. अग्निशमन दलाची ६६ माणसं तिथे गेली. त्यांच्या आठवणीसाठी हा सप्ताह, २० एप्रिलपर्यंत. गंजीबद्दल वर जे लिहिलंय, आत उपसून भिजवल्याशिवाय आग विझत नाही, ते मी पहिल्यांदा प्रशिक्षणात या जहाजाच्या गोष्टीतूनच ऐकलं.

मुलांना बंब बघायला आवडतो, केंद्राला पत्र दिलंत तर गाडी येईल. पण त्याआधी वर्गात एक करा. एकेका मुलाला उभं करा आणि तुम्ही वॉच रूममधले व्हा. ‘हॅलो, कुठून बोलतोयस?’ असं विचारा. मुलगा म्हणेल, ‘घरून.’ मग विचारत जा. गाव कुठलं, तालुका कुठला, गल्ली, देऊळ, फाटा. पाचवीतली मुलं दोन दिवसांत बिनचूक सांगायला लागतात आणि घरी जाऊन मोठ्यांनाही विचारतात.

मला बोलावणार असाल तर मी येईन. येळ्ळूर लांब नाही. फक्त सकाळची शाळा असताना बोलवा, एप्रिलच्या उन्हात दुपारी पोरांना मैदानावर उभं करायला नको. आणि सुळग्याची मुलं तुमच्याकडे येत असतील तर त्यांना पुढच्या रांगेत बसवा.